धाकटीनं आणलेली बिअर

माझी धाकटी बहीण लग्न करून अमेरिकेला गेली, त्यानंतर तीन वर्षांनी ती पहिल्यांदा खुटबावला आमच्या घरी राहायला आली. येताना तिनं माझ्यासाठी स्वेटर आणला, माझ्या सासूबाईंसाठी गुडघ्याला चोळायचं मलम आणलं आणि माझ्या नवऱ्यासाठी बिअर आणली. विमानात फुटू नयेत म्हणून बाटल्या तिनं माझ्याच स्वेटरात गुंडाळल्या होत्या. बॅग उघडली, बाटल्या बाहेर निघाल्या, आणि घरातली सगळी माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. स्वेटर माझ्या हातात तसाच राहिला. तो मला होतो की नाही, हे कुणी विचारलं नाही.

आम्ही दोघी कवठे येमाईच्या. आबांची मोसंबीची बाग होती. मी थोरली, ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. बारावीला मला चांगले मार्क पडले होते आणि शिरूरच्या कॉलेजात जायचं मी मनात पक्कं धरलं होतं. त्याच उन्हाळ्यात खुटबावचं स्थळ आलं. कॅनॉलच्या पाण्याचा ऊस, एकुलता एक मुलगा, सासरे नसले तरी घराला वजन. आबा म्हणाले, "आसं स्थळ पुन्हा दारात येत न्हाई." मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी जेवले आणि ज्येष्ठात माझं लग्न झालं.

धाकटीच्या बारावीच्या वेळी मी पहिल्या बाळाला घेऊन माहेरी होते. तिलाही स्थळ आलं होतं, माझ्यापेक्षा मोठ्या घरचं. आबांनी पाहुण्यांना चहा पाजला आणि माझ्यासमोर सांगितलं, "पोरगी हुशार हाय. तिला शिकू द्यायचंय." त्यांचा आवाज तोच, बसायची जागाही तीच. मी आत जाऊन बाळाला पाजत बसले. आबा बदलले, काळ बदलला, हे सगळं मला कळत होतं. पण हे बदलणं माझ्या नंतर का झालं, ते मला कुणी सांगितलं नाही.

ती पुण्याला होस्टेलवर राहिली, इंजिनिअर झाली, नोकरीला लागली आणि आपल्या पसंतीच्या मुलाबरोबर अमेरिकेला गेली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, घंटी वाजली की ओरडायच्या, "अगं, अमेरिका आली!" आणि आधी स्वतः बोलून घ्यायच्या. नंतर नवरा बोलायचा. माझ्या हातात फोन येईपर्यंत तिच्याकडचं सगळं नवीन सांगून झालेलं असायचं. मग ती मला विचारायची, "बाकी काय, आक्का?" बाकी काय असणार होतं?

तर ती नवऱ्याला घेऊन आली. डिसेंबर होता, ऊसतोड चालू होती, गावातल्या गुऱ्हाळांचा गोडसर धूर सकाळपासून हवेत असायचा. माझ्या नवऱ्यानं एक बाटली हातात घेऊन वरखाली केली.

"एवढीशीच? ही तर खोकल्याच्या औषधाची बाटली झाली."

"दाजी, हलवू नका!" धाकटी म्हणाली. "खाली गाळ बसलेला असतो, तो वर येईल."

"गाळ? मंजी खराब झालीय?"

"नाही हो. ही मोठ्या कारखान्यातली बिअर नाही. लहान लहान कारखाने असतात तिकडे, हौशी लोकांनी काढलेले. ते बाटलीतसुद्धा थोडं आंबू देतात. पेल एल म्हणतात याला."

"पेलेल का?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो आत्याबाई. पेल एल."

"आता आमाला काय पेलतंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि धाकटीचा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

रविवारी मटणाचा बेत ठरला. फ्रीज होता, पण दिवसाचे आठ तास वीज नसायची, त्यामुळे त्यात भाजी जेमतेम टिकायची. नवऱ्यानं बाटल्या पोत्यात घातल्या, पोतं दोराला बांधलं आणि विहिरीत सोडलं. दर अर्ध्या तासानं तो दोर ओढून बघायचा. मला हसूही येत होतं आणि रागही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत दवाखान्यात तो इतक्या वेळा डोकावला नव्हता.

दुपारी विहिरीजवळच्या लिंबाखाली त्यांनी खुर्च्या टाकल्या. मी पडवीत चुलीवर भाकऱ्या करत होते. तिथून सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. नवरा होता, धाकटीचा नवरा होता आणि धाकटी होती. मला वाटलं होतं, ती बाटल्या देऊन माझ्याकडे येईल. पण माझा नवरा म्हणाला, "या मेव्हणीबाई, बसा. तुमीच आणलीय, तुमीच उघडा." आणि खांद्यावरच्या टॉवेलानं त्यानं तिची खुर्ची पुसली.

धाकटीनं बाटली तिरकी धरून स्टीलच्या पेल्यात ओतली, मग थांबून म्हणाली, "काचेचे ग्लास नाहीत का? रंग बघायला हवा." माझा नवरा स्वतः उठला. पाहुण्यांसाठीचे काचेचे ग्लास घेऊन गेला, जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "आगं, ह्याला काचंचेच लागत्यात." जणू त्याला जन्मापासून ठाऊक होतं.

ग्लासात बिअर तांबूस सोनेरी दिसत होती, काकवीत भरपूर पाणी मिसळल्यासारखी. वर पांढरा जाड फेस. धाकटी सांगू लागली. सातूला मोड आणतात, ते वाळवून भाजतात, मग गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवतात. त्यात एका वेलीची फुलं उकळतात, हॉप्स म्हणतात त्यांना. कडवटपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच. मग यीस्ट घालून आंबवतात. "आम्ही घरीसुद्धा केली होती एकदा, गॅरेजमध्ये. पहिली सगळी बिघडली."

माझा नवरा पुढे वाकून ऐकत होता. मी दर उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते, वासावरून ओळखते की आता चीक काढायला झाला. त्याला त्यातलं काही विचारावंसं कधी वाटलं नव्हतं. आता तो विचारत होता, "मंग मोड किती लांब येऊ द्यायचे?"

त्यानं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आयला, लई कडू हाय की! आन् ह्यात संत्रा टाकलाय का?"

धाकटीचा नवरा पुण्याचा, त्याला कळेना सगळे का हसतायत. मग नवऱ्यानं त्याला सांगितलं की आमच्याकडे देशी दारूत संत्र्याचा वास असतो. "साडूसाहेब, तुमी सातासमुद्रापारनं आमच्या गुत्त्यावरचीच आणली की!"

"संत्रा नाही टाकलेला, दाजी," धाकटी हसत म्हणाली. "फुलांचाच वास आहे तो. अजून एक घोट घ्या. दुसऱ्या घोटाला कडू कमी लागतं."

त्यानं घेतला. मला आठवतं, त्यानं तिच्या सांगण्यावरून डोळेसुद्धा मिटले.

"भाकरी जळाली," आत्याबाई माझ्या शेजारून म्हणाल्या. मी बघितलं, तर तव्यावरच्या भाकरीला काळा डाग पडला होता. मी ती कुत्र्यासाठी बाजूला टाकली.

थोड्या वेळानं धाकटी आपला ग्लास हातात घेऊनच पडवीत आली. तिचे गाल लाल झाले होते. "आक्का, चल ना तू पण. मी भाकऱ्या करते."

"तुला येत्यात का आता?"

"वाकड्या येतील. चालतील की. चल, दाजी काही म्हणणार नाहीत."

"तुला म्हणणार न्हाईत."

"तू कधी विचारलंयस का त्यांना?"

हे मला लागलं. मी परातीतलं पीठ मळता मळता थांबले. "तुला कवा इचारावं लागलं? तुला तर खुर्ची पुसून दिली."

माझा आवाज चढला होता. आत्याबाई उठून शेळीकडे गेल्या. धाकटी तशीच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "आबांनी तुझं लग्न लवकर केलं, त्यात माझा काय दोष, आक्का?"

"दोष कोण म्हणतंय? जा तू. मटण उतरलं की हाक मारते."

ती गेली. जाताना ग्लास ओट्यावर ठेवून गेली, त्यात दोन-तीन घोट उरले होते. विसरली की मुद्दाम ठेवला, ते मी तिला कधी विचारलं नाही. मी चार भाकऱ्या केल्या. पाचवी तव्यावर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून तो ग्लास उचलला.

आधी वास आला. मोसंबीची हिरवी साल नखानं खरवडली की बोटांना जो वास लागतो, तो. त्याच्यामागं चुरगळलेल्या पानाचा उग्र वास. छाटणीच्या दिवसांत आबांच्या बागेतून घरी आलं की केसांना असा वास यायचा. मग घोट घेतला. भाजलेल्या धान्याचा थोडासा गोडवा जिभेवर आला, आणि तो पुरता कळायच्या आत कडूपणा आला. कारल्यासारखा तोंड वाकडं करणारा नव्हता. घशाशी जाऊन बसला, तिथं थोडा रेंगाळला, आणि ओसरताना तोंड असं कोरडं आणि स्वच्छ करून गेला की लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटला. मी घेतला. मग ग्लास उलटा करून शेवटचा थेंबही घेतला.

ती चव मला आवडली. फार आवडली, आणि त्याचाच मला संताप आला. नावडली असती तर सगळं सोपं होतं. तिचं अमेरिकेतलं फॅड म्हणून मी मनातल्या मनात नाक मुरडलं असतं. आता मला कळलं होतं की ही चव तिच्याकडे रोज आहे, फ्रीज उघडला की आहे, आणि माझ्या वाट्याला तिच्या उष्ट्या ग्लासातले दोन घोट आलेत.

रात्रीची भांडी आवरताना तिनं विचारलं, "आक्का, ओट्यावरची प्यायलीस ना? कशी लागली?"

"काडेचिराईताचा काढा बरा त्यापेक्षा," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

ती दोन दिवसांनी कवठ्याला गेली आणि तिथून परत अमेरिकेला. निघताना दोन बाटल्या दाजींना ठेवून गेली. नवऱ्यानं त्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात दह्याच्या भांड्याआड उभ्या केल्या. मी दिवसातून कितीदा तरी फ्रीज उघडायचे. दूध ठेवायला, मिरच्या काढायला. दरवेळी ती तपकिरी काच दिसायची. कधी कधी काही नको असतानाही उघडायचे.

संक्रांतीच्या सुमाराला साखर कारखान्याच्या निवडणुकीची मंडळी घरी आली. नवऱ्यानं एक बाटली काढली, तिघांत वाटली. मी आत चहाचं आधण ठेवत होते. बाहेरून त्याचा आवाज येत होता, "सातूला मोड आणत्यात. मंग त्यात फुलं उकळत्यात. पयल्या घोटाला कडू लागंल, दुसरा घ्या." धाकटीचं वाक्य न् वाक्य, तिच्यासारखंच थांबत थांबत. त्यातल्या एका पाहुण्यानं घोट घेतला, थू थू केलं आणि उरलेली सगळी बिअर जास्वंदीच्या मुळाशी ओतून टाकली.

मी खिडकीतून ते बघितलं. मला त्या माणसाचं मनगट धरावंसं वाटलं. तो परका माणूस माझ्या अंगणात खुर्चीवर बसून ती ओतून टाकू शकत होता, आणि मी आत त्याच्यासाठी आलं किसत होते. मला त्या क्षणी त्या जास्वंदीचासुद्धा हेवा वाटला. हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी शेवटची बाटली बाहेर काढली. चोरून नाही. नवरा अंगणात बाजेवर बसून विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर खोलत होता, आत्याबाई उंबऱ्याशी लसूण सोलत होत्या. मी काचेचे दोन ग्लास धुतले, कोरडे पुसले, बाटली घेतली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ती कशाला काढली?" तो म्हणाला.

"प्यायला."

"कोण येणार हाय?"

"कुणी न्हाई. मला प्यायचीय. बसू का?"

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग फाटकाकडे. "आगं, लोकं बघत्याल. काय म्हणत्याल?"

"धाकटी बसली तवा लोकं गावाला गेली होती का?"

"ती पावणी हाय. अमेरिकेत राहती. तिची गोष्ट येगळी."

"तिची गोष्ट कायम येगळीच असती," मी म्हणाले. मला भांडायचं होतं, रडायचं नव्हतं. "खुर्ची पुसून दिलीत तिला. मला पुसू नका. फकस्त बसू का ते सांगा."

हातातला स्क्रू तो बोटांत फिरवत राहिला. उंबऱ्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "इचारती काय? बस की. बाज काय त्याच्या एकट्याची हाय?"

"आई, तू मधी पडू नको."

"का नको पडू? मी सगळं बघितलंय पडवीतनं. ती भाकरी काय आपोआप जळाली व्हय?" त्यांनी लसणाची टोपली खाली ठेवली. "फाटक लावून घे, लाज वाटत आसंल तर. आन् मला बी घाल घोटभर. काय एवढं पेलायचं असतंय, बघू दे."

नवरा उठला. मला वाटलं, आता तो शेताकडे निघून जाणार. तो फाटकापर्यंत गेला, कडी लावली आणि परत आला. स्टार्टरचे भाग गोळा करून त्यानं बाजेवर जागा केली. मी बसले. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि अंगणातल्या बाजेवर, दिवसाउजेडी, त्याच्या शेजारी मी पहिल्यांदा बसत होते.

त्यानंच बाटली उघडली, पक्कडीनं. ओतायला लागला, तेव्हा मी म्हणाले, "तिरका धरा ग्लास. आन् खालचा गाळ नका ओतू." त्यानं ग्लास तिरका धरला. आत्याबाईंना वाटीत घोटभर दिली. त्यांनी वास घेतला, प्यायल्या, जरा वेळ तोंड हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, "औषध हाय. पण चांगल्या वैद्याचं." आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

मी सावकाश प्यायले. बाटली लहान, त्यात तीन वाटे, त्यामुळे फार काही नव्हतंच. चव तीच होती, पण आता भिंतीकडे तोंड नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, "आवडली व्हय तुला?"

"व्हय."

"मला न्हाई आवडत," तो हळूच म्हणाला. "लई कडू हाय. त्या दिवशी मेव्हणीबाईंना वाईट वाटू नये म्हणून प्यायलो." आणि त्यानं आपल्या ग्लासातली उरलेली माझ्या ग्लासात ओतली.

मला ह्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्यातही एक बारीक टोचणी होती, की तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं एवढं केलं होतं.

रविवारी धाकटीचा फोन आला. मी तिला सांगितलं नाही की मी बाजेवर बसले, की मला आवडली. "बाटल्या संपल्या का?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "पाव्हण्यांनी संपवल्या." ते सुख मला तिच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. ते तिच्याकडून आलं होतं, एवढं पुरे होतं.

पुढच्या वेळी ती आली ती बाळाला घेऊन. दूध पाजत होती, बिअर आणलीच नव्हती. नवरा म्हणाला, "बरं झालं." मी मात्र तिची बॅग उघडताना तिच्या शेजारीच उभी राहिले होते.

पुढं सात-आठ वर्षांनी पुण्यातल्या एका हॉटेलात अशी बिअर मिळू लागली. तिथंच बनवायचे, काचेच्या आड मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या दिसायच्या. धाकटी आणि तिचा नवरा आले होते, तिनं आम्हा दोघांना हट्टानं तिथं नेलं. मी काठापदराची साडी नेसले होते आणि आत गेल्या गेल्या मला ती नको वाटायला लागली. वाढणाऱ्या मुलानं आधी पुरुषांना विचारलं, मग धाकटीला. माझ्याकडे वळला तेव्हा धाकटी माझ्यासाठी लिंबू सरबत सांगणार, तेवढ्यात मी म्हणाले, "मला पेल एल. जी जास्त कडू असेल ती."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "आक्का, तुला तर काडेचिराईत वाटलं होतं!"

"तवा वाटलं होतं," मी म्हणाले.

माझा नवरा टेबलाकडे बघून हसत होता, पण त्यानं मला उघडं पाडलं नाही. ग्लास आला. वास घेतला, मोसंबीचा कमी होता, आंब्याच्या कोयीसारखा काहीसा होता. वाईट नव्हती. धाकटी भरभरून बोलत होती आणि पहिल्यांदाच मला तिचं बोलणं खुपत नव्हतं. तिचे केस कानाशी पांढरे झाले होते.

शेजारच्या टेबलावर कॉलेजातल्या चार मुली बसल्या होत्या. विशीतल्या, जीन्समधल्या. एकीनं घोट घेतला, हातानं ग्लास बाजूला सारला, "ही नको, दुसरी आण," असं त्या मुलाला सहज सांगितलं आणि तो लगेच दुसरी आणायला गेला. तिनं कुणाकडे बघितलं नाही, दाराकडे नाही की रस्त्याकडे नाही. मी धाकटीचं बोलणं ऐकत मान हलवत होते, पण निघेपर्यंत माझं सगळं लक्ष त्या मुलीच्या हाताकडे होतं.